धर्मयुद्ध आणि अण्वस्त्रे

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



ज्ञातिसंमेलनाच्या व्यासपीठावरून बोलावयाचे म्हणजे शिक्षण, वधूवरसूचन, वसतिगृहाचा निधी अथवा लग्नकार्यातील अनाठायी खर्च, यांपैकी एखादा विषय घ्यावयाचा असा प्रघात आहे. हे विषय महत्त्वाचेच आहेत आणि त्यांवर आमच्यापेक्षा अधिकारी वक्ते येथे बोलून गेले आहेत. यंदा चिटणिसांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा आम्ही 'अण्वस्त्रे' असे उत्तर दिले. त्यांना ते 'अन्नवस्त्रे' असे ऐकू आले व त्यांनी आनंदाने लिहूनही घेतले. खुलासा केल्यावर ते किंचित गोंधळले. तथापि त्यांनी नकार दिला नाही, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पस्तीस वर्षे आम्ही पाचवी ते सातवीच्या मुलांना इतिहास शिकविला. अणुविज्ञान आम्हांस समजते असा आमचा मुळीच दावा नाही. परंतु आजचा प्रश्न विज्ञानाचा नाही. अणू कसा फुटतो हे शास्त्रज्ञांनी सांगावे. तो कोणावर फोडावा, किंवा फोडूच नये, हे ठरविण्याचे काम मात्र केवळ शास्त्रज्ञांचे अगर सेनापतींचे नव्हे. ते कृत्य आपल्या सर्वांच्या नावाने होणार असते, आणि म्हणून त्याचा विचार करण्याचे उत्तरदायित्व प्रत्येक गृहस्थावर येते.

हा विषय निवडण्यास एक निकटचे कारणही घडले. २०२५ च्या एप्रिल महिन्यात काश्मिरात पहलगाम येथे निरपराध प्रवाशांची हत्या झाली आणि मे महिन्यात भारत व पाकिस्तान यांच्यामध्ये चार दिवस सशस्त्र संघर्ष झाला. त्या दिवसांत लग्नाच्या पंगतीत, एस.टी.च्या थांब्यावर, फार काय देवळाच्या ओट्यावरही एक वाक्य वारंवार कानी पडत असे: "एकदाचा टाकून द्यावा, म्हणजे कायमची कटकट मिटेल." काय टाकून द्यावा, हे कोणी विचारीत नव्हते, सर्वांना ते कळत होते. बोलणारी माणसे दुष्ट नव्हती. त्यांतील कित्येक मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणारी होती. सज्जनांच्या तोंडी असे वाक्य इतक्या सहजतेने यावे, ही गोष्ट आम्हांस विचार करण्यासारखी वाटली.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करितो. आम्ही युद्धमात्राचे विरोधक नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त 'कर्मजिज्ञासा' नावाचे एक प्रकरण आहे. अहिंसा हा श्रेष्ठ धर्म खरा, पण अंगावर धावून येणाऱ्या आततायीपुढे सज्जनाने काय करावे, या प्रश्नाचा ऊहापोह लोकमान्यांनी तेथे केला आहे. आपल्या शास्त्रकारांनी आततायी सहा प्रकारचे सांगितले: घराला आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारून येणारा, धन लुबाडणारा, शेत बळकावणारा आणि स्त्रीचे हरण करणारा. अशांचा प्रतिकार करण्यात दोष नाही, असे ते म्हणतात. सीमेवर उभा राहणारा आपला जवान हेच कर्तव्य करितो आणि त्याच्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. ही सहांची यादी मात्र श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे ती आपल्याला लागणार आहे.

युद्धाविषयी नीतीचे दोन प्रश्न असतात. युद्ध का करावे, हा पहिला. ते कसे करावे, हा दुसरा. हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत. ज्याची बाजू न्यायाची आहे त्याला कोणतेही कृत्य करण्याची मुभा मिळते, असा समज आपल्यात फार पसरला आहे. तो चुकीचा आहे. शेताच्या बांधावरून भांडण झाले आणि आपली बाजू सोळा आणे खरी असली, तरी शेजाऱ्याच्या पाळण्यातील पोराला विहिरीत टाकण्याचा अधिकार त्यायोगे आपल्याला प्राप्त होत नाही. हे गावातील अडाणी माणसालाही कळते. राष्ट्रांच्या बाबतीत मात्र सुशिक्षितांनाही त्याचा विसर पडतो.

युरोपात या विचाराची मोठी परंपरा आहे. रोमचा सिसेरो, त्यानंतर संत ऑगस्टिन, तेराव्या शतकातील टॉमस अक्वायनस आणि १६२५ साली युद्ध व शांतता यांच्या कायद्यावर ग्रंथ प्रसिद्ध करणारा डच पंडित ह्यूगो ग्रोशियस, अशी ही मालिका आहे. त्यांच्या विवेचनातून न्याय्य युद्धाच्या कसोट्या सिद्ध झाल्या. युद्ध पुकारणारी सत्ता अधिकृत असावी, कारण न्यायाचे असावे, हेतू शुद्ध असावा, इतर उपाय थकलेले असावेत. ही झाली पहिल्या प्रश्नाची उत्तरे. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे दोन. एक विवेकाची: लढणारा व न लढणारा यांत भेद करावा आणि न लढणाऱ्यावर हेतुपुरस्सर शस्त्र टाकू नये. दुसरे प्रमाणाचे: जे साधावयाचे आहे त्याच्या मानाने हानी अवाजवी होऊ नये.

हे सारे परक्यांचे आहे असे कोणी समजू नये. महाभारतात भीष्मपर्वाच्या आरंभी कौरव आणि पांडव यांनी युद्धाचे नियम ठरविले, ही कथा आपण जाणतोच. रथीने रथीशी लढावे, पायदळाने पायदळाशी. शरण आलेल्यावर, पाठ फिरविलेल्यावर, निःशस्त्रावर प्रहार करू नये. सारथी, भारवाहक, शंख व दुंदुभी वाजविणारे यांस मारू नये. पुढे हे नियम एकामागून एक मोडले गेले, आणि व्यासांनी ते मोडणे कोठेही लपविलेले नाही. आज 'धर्मयुद्ध' म्हणजे धर्मासाठी केलेले युद्ध असा अर्थ रूढ झाला आहे. त्याचा जुना अर्थ 'धर्माने, म्हणजे नियमाने केलेले युद्ध' असा होता. आपल्या महाराष्ट्रातही याचा दाखला आहे. शिवाजी महाराजांवर उघड राग धरणारा मोगलांकडील इतिहासकार खाफीखान, याने देखील मोहिमेत सापडलेल्या स्त्रियांस उपद्रव होऊ नये अशी महाराजांची सक्त ताकीद असे, ही गोष्ट नमूद करून ठेविली आहे. शत्रूने दिलेली साक्ष अधिक मोलाची असते.

आता या कसोट्या हातात घेऊन आपण हिरोशिमाकडे वळू.

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठच्या सुमारास अमेरिकेच्या विमानाने त्या शहरावर पहिला अणुबॉम्ब टाकला. तो जमिनीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर फुटला. शहरात लष्कराचे मोठे ठाणे होते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु विमानाने नेम धरला होता तो शहराच्या मध्यभागी असलेल्या एका पुलावर. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे मृत्यू पावली असावीत, असा अंदाज आहे. तीन दिवसांनी, ९ ऑगस्ट रोजी, दुसरा बॉम्ब कोकुरा या शहरावर टाकावयाचा होता. तेथे लक्ष्य दिसेना, म्हणून विमान नागासाकीकडे वळले आणि ते शहर बेचिराख झाले. कोणत्या शहराने मरावे हे त्या दिवशी आकाशाच्या स्थितीने ठरविले. उलटपक्षी, क्योटो हे प्राचीन नगर प्रारंभीच्या यादीत होते. अमेरिकेचे युद्धमंत्री स्टिम्सन यांनी त्याचे सांस्कृतिक महत्त्व जाणून ते यादीतून काढविले. विवेक करावयाचा म्हटला तर करता येत होता, हे यावरून दिसते. तो देवळांच्या बाबतीत झाला, माणसांच्या बाबतीत झाला नाही.

आम्ही शिक्षक असल्यामुळे त्या हकीगतीतील एका गोष्टीपाशी आमचे मन थबकते. त्या काळी जपानात शाळांतील मुलांना युद्धकार्यासाठी कामावर नेत असत. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून शहरातील लाकडी घरे पाडून मोकळे पट्टे करावयाचे होते, आणि पाडलेल्या घरांची लाकडे व कौले उचलण्याचे काम बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींकडे होते. त्या सकाळी अशी सुमारे आठ हजार मुले हिरोशिमात उघड्यावर काम करीत होती. त्यांतील सहा हजारांच्या आसपास मरण पावली. बारा-तेरा वर्षे म्हणजे आपल्याकडील सातवीचा वर्ग. आज या व्यासपीठावर ज्यांनी पुढे येऊन पेले व पुस्तके स्वीकारली, त्यांपैकी निम्मी मुले त्याच वयाची आहेत.

यावर तर्कदुष्ट माणूस म्हणेल की, ती मुले युद्धकार्य करीत होती; सबब ती लढणाऱ्यांत मोडतात. आम्ही विचारतो, आग पसरू नये म्हणून कौले उचलणारे पोर जर सैनिक, तर गाढ झोपेतील तान्हे मूल तरी सैनिक का नव्हे? एकदा ही रेषा पुसली की मग कोणीच उरत नाही. भीष्मपर्वातील नियमांनी शंख वाजविणाऱ्यालाही अभय दिले होते. शंख वाजविणारा तर प्रत्यक्ष रणांगणावर उभा असतो!

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्या बॉम्बमुळे जपान शरण आला, युद्ध थांबले आणि पुढे मरणारे लाखो जीव वाचले, असे म्हणतात. याच सुमारास, ८ ऑगस्टला, रशियानेही जपानविरुद्ध युद्ध पुकारले होते. शरणागतीस कोणते कारण किती प्रमाणात कारणीभूत झाले, याविषयी इतिहासकारांत आजही एकमत नाही. पण घटकाभर तो दावा पूर्णपणे मान्य करू. तरीही प्रश्न शिल्लक राहतोच: वाचलेल्यांच्या संख्येने मारलेल्यांचा हिशेब पुरा होतो काय?

याचे एक खणखणीत उत्तर १९५६ साली इंग्लंडात दिले गेले. अणुबॉम्बचा हुकूम देणारे अमेरिकेचे माजी अध्यक्ष ट्रूमन यांस ऑक्सफर्ड विद्यापीठाने सन्माननीय पदवी देण्याचे ठरविले. तेव्हा तेथील तत्त्वज्ञानाच्या अध्यापिका एलिझाबेथ अँस्कम यांनी विद्यापीठाच्या सभेत उभे राहून विरोध केला. त्या युद्धविरोधी नव्हत्या. न्याय्य कारणासाठी लढावे लागते, हे त्यांस मान्य होते. त्यांचे म्हणणे एवढेच की, आपला हेतू साधण्याचे साधन म्हणून निरपराधांस ठार मारणे म्हणजे खून, आणि खून कोणत्याही हिशेबाने शुद्ध होत नाही. शिवाय, विनाशर्त शरणागतीचा हट्ट धरल्यामुळेच असे प्रसंग उभे राहिले, हेही त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या बाजूस पडलेली मते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती, आणि ट्रूमन यांस पदवी मिळाली. मते मोजून नीती ठरत असती तर त्या बाईंचा पराभव झाला असे आपण म्हटले असते. पण आज सत्तर वर्षांनंतरही त्यांनी विचारलेला प्रश्न आपण येथे बसून विचारीत आहोत.

मघाची सहांची यादी आता आठवावी. तीत पहिला आततायी आग लावणारा, दुसरा विष घालणारा. अणुबॉम्ब आग लावतो. ती सारे शहर जाळते. अणुबॉम्ब विषही घालतो. त्याचा किरणोत्सर्ग वाचलेल्यांच्या रक्तात शिरतो आणि रक्ताच्या कर्करोगाच्या रूपाने पुढे कित्येक वर्षे बळी घेतो. म्हणजे आततायीचा प्रतिकार करावयास निघालेला मनुष्य हे अस्त्र उचलताच स्वतः दोन प्रकारांनी आततायी होतो. युद्धाचे कारण कितीही न्यायाचे असो, शहरावर टाकलेला अणुबॉम्ब धर्मयुद्धात बसत नाही, हा आमचा पहिला निष्कर्ष आहे.

येथवर बहुतेक श्रोते आमच्याशी सहमत होतील. खरी अडचण येथून पुढे आहे. "आम्हांला ते टाकावयाचे नाहीच, दुसऱ्याने टाकू नये म्हणून आम्ही ते बाळगतो," असे राज्यकर्ते म्हणतात. याला धाकाचे धोरण म्हणावे. नागासाकीनंतर युद्धात हे अस्त्र पुन्हा वापरले गेलेले नाही, हा त्यांचा पुरावा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परंतु जे करणे पाप आहे, ते करण्याची धमकी देणे पुण्य कसे ठरेल? धमकी पोकळ असेल तर शत्रू भिणार नाही. खरी असेल तर आपण मनाने ते कृत्य स्वीकारलेलेच आहे.

इतिहासातील एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. १७९२ साली श्रीरंगपट्टणच्या तहात टिपू सुलतानाच्या दोन मुलांस इंग्रजांनी ओलीस ठेवून घेतले. त्या मोहिमेत मराठे व निजाम इंग्रजांच्या बाजूस होते. मुले आठ-दहा वर्षांची. तहाच्या अटी पुऱ्या झाल्यावर १७९४ साली ती परत गेली. त्यांस इजा झाली नाही. तरीही ती चाल वाचताना आपल्याला संकोच वाटतो, कारण बापाच्या वर्तनाचे तारण म्हणून लेकरे बांधली गेली होती. आज आपण ती चाल रानटी समजतो. वस्तुतः ती शतपटीने वाढली आहे. लाहोर व कराचीची मुले आपल्याकडे ओलीस आहेत आणि मुंबई व दिल्लीची मुले त्यांच्याकडे. एवढेच की, त्यांना घर सोडून कोठे जावे लागत नाही, आणि आपण ओलीस आहोत हे त्यांना ठाऊक नाही.

शिवाय धाकाच्या धोरणात एक गृहीत आहे. हात नेहमी स्थिर राहील, डोके नेहमी शांत राहील आणि यंत्र कधी चुकणार नाही, असे ते गृहीत होय. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानच्या हद्दीत जाऊन पडले. ते अण्वस्त्र नव्हते, त्यात स्फोटकही नव्हते, प्राणहानी झाली नाही, आणि आपल्या सरकारने चूक मान्य करून तीन अधिकाऱ्यांस सेवेतून दूर केले. देवाची कृपा म्हणावयाची. परंतु ते सुटल्यावर परत बोलाविता आले नाही, ही गोष्ट विसरू नये.

येथे सौप्तिकपर्वातील प्रसंग आठवतो. आमच्या पूर्वजांजवळ अणुबॉम्ब होता असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही. कथेतील अस्त्र ते कथेतील अस्त्र. पण कथेतील नीती आजही खरी आहे. रात्री झोपलेल्यांची कत्तल करून पळालेल्या अश्वत्थाम्याने ब्रह्मशिर नावाचे अस्त्र सोडले. ते शमविण्यासाठी अर्जुनानेही तेच सोडले. तेव्हा व्यास आणि नारद मध्ये उभे राहिले. जेथे हे अस्त्र दुसऱ्या अस्त्राने अडविले जाते, तेथे बारा वर्षे पाऊस पडत नाही, असे व्यासांनी सांगितले आहे. अर्जुनाने आपले अस्त्र आवरून घेतले. अश्वत्थाम्याला ते आवरता येईना. त्याने ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळविले. या कथेत थोर कोण ठरला? ज्याच्यापाशी अस्त्र होते तो नव्हे. ते दोघांपाशीही होते. ज्याला ते परत घेता आले, तो थोर. आजची स्थिती अशी की, क्षेपणास्त्र एकदा सुटले की कोणालाच ते परत घेता येत नाही. त्या क्षणानंतर दोन्ही बाजूंस अश्वत्थामेच उरतात. तेव्हा अर्जुन व्हावयाचे तर ते सोडण्यापूर्वीच व्हावे लागेल.

आता आपल्या राष्ट्राच्या धोरणाविषयी. १९७४ च्या पोखरण येथील स्फोटासाठी लागलेले प्लुटोनियम आपल्या मुंबईतील ट्रॉम्बे येथल्या 'सायरस' अणुभट्टीत तयार झाले होते. तेव्हा हा विषय महाराष्ट्रापासून दूरचा नाही. १९९५ साली हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे अण्वस्त्रांच्या वैधतेचा प्रश्न आला असता, अण्वस्त्राचा वापर प्रतिशोध म्हणून केला तरी तो बेकायदाच ठरेल, आणि अण्वस्त्रांच्या धाकाचे तत्त्वच मानवी भावनेस किळसवाणे आहे, अशी भूमिका भारताने मांडली होती. न्यायालयाने ८ जुलै १९९६ रोजी मत दिले की, अण्वस्त्रांचा वापर युद्धाच्या कायद्याशी सर्वसाधारणपणे विसंगत आहे. मात्र राष्ट्राचे अस्तित्वच धोक्यात आले असता काय, याचा निर्णय त्यास करता आला नाही. त्या मुद्द्यावर न्यायाधीश सात विरुद्ध सात असे विभागले गेले आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने निकाल झाला. पुढे १९९८ च्या मे महिन्यात भारताने व पाकिस्ताननेही चाचण्या केल्या. ४ जानेवारी २००३ रोजी भारत सरकारने आपले धोरण जाहीर केले. आपण प्रथम वापर करणार नाही, ज्यांच्यापाशी अण्वस्त्रे नाहीत त्यांच्यावर ती वापरणार नाही, आणि वापराचा निर्णय लोकनियुक्त नेतृत्वच घेईल, ही त्यातील उत्तम कलमे होत. परंतु आपल्यावर अण्वस्त्र पडले तर आपला प्रतिटोला प्रचंड असेल व असह्य हानी करणारा असेल, असेही त्यात म्हटले आहे. जैविक अथवा रासायनिक अस्त्रांचा मोठा हल्ला झाल्यास अण्वस्त्राने उत्तर देण्याचा पर्यायही राखून ठेवला आहे.

आमच्या अल्पमतीप्रमाणे यातील पहिला भाग धर्माचा आहे आणि दुसरा भाग क्रोधाचा. प्रथम वापर न करण्याच्या वचनात अर्जुनाचा संयम आहे. ते वचन परिस्थितीनुसार पुढे राहील किंवा न राहील, अशा अर्थाचे उद्गार २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या संरक्षणमंत्र्यांनी पोखरण येथे काढले, तेव्हा आम्हांस काळजी वाटली. प्रचंड प्रतिटोल्याच्या कलमात तर हानी किती हे सांगितले आहे, कोणाची हे सांगितलेले नाही. शहरांवर आम्ही ते टाकणार नाही, असा शब्द त्यात कोठेही नाही. आठ वर्षांपूर्वी ज्या गोष्टीला आपणच न्यायालयात बेकायदा म्हटले, तीच आपण धोरणात लिहून ठेविली, हे मनाला बोचते.

मग अण्वस्त्रे आजच समुद्रात बुडवावीत काय? तसे सांगण्याचे धाडस आम्ही करीत नाही. शेजाऱ्याच्या हाती ते असता एकट्याने ते टाकून देणारा राज्यकर्ता आपल्या प्रजेच्या जिवाशी खेळतो, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे आम्हांस पटते. अमेरिकेतील कॅथलिक धर्मगुरूंनी १९८३ साली एक जाहीर पत्र काढून या पेचावर विचार केला होता. धाक काही काळ सहन करावा, पण तो निःशस्त्रीकरणाकडे जाणाऱ्या वाटेवरील पायरी म्हणून, आणि शहरांवर नेम धरणे कोणत्याही सबबीवर मान्य करू नये, असे त्यांचे मत पडले. या मतावर कोणी म्हणेल की, शहरे सोडली तर शत्रू भिणार नाही. आम्ही म्हणतो, आपले सैन्य, विमानतळ व आरमार नष्ट होईल ही भीती कोणत्याही राज्यकर्त्यास पुरेशी असली पाहिजे. अर्थात तेथेही आसपासची गावे किरणोत्सर्गाने पोळतील. हे अस्त्र बाळगून हात स्वच्छ ठेवण्याचा मार्ग नाही. आहे तो एवढाच की, मळलेल्या हातांना आपण स्वच्छ म्हणू नये, आणि ते धुण्याची खटपट सोडू नये.

तशी खटपट भारताने केलेली आहे. १९८८ च्या जून महिन्यात संयुक्त राष्ट्रांपुढे आपल्या पंतप्रधानांनी, राजीव गांधी यांनी, टप्प्याटप्प्याने जगातील सर्व अण्वस्त्रे नाहीशी करण्याची योजना मांडली होती. २०१७ साली झालेला अण्वस्त्रबंदीचा करार २२ जानेवारी २०२१ पासून अमलात आला. त्यावर अण्वस्त्रधारी राष्ट्रांपैकी कोणीही सही केलेली नाही, भारतानेही नाही. आणि २०२४ चा शांततेचा नोबेल पुरस्कार हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या 'निहोन हिदानक्यो' या संघटनेस मिळाला. त्यांनी सूड मागितला नाही. आमच्यावर जे गुदरले ते दुसऱ्या कोणावर गुदरू नये, एवढेच ते जगाला सांगत आले. ज्यांना सूड मागण्याचा सर्वांत अधिक हक्क होता, त्यांनी तो मागितला नाही, आणि आपण मात्र पंगतीत बसून तो सहज मागतो!

तेव्हा आम्ही ज्ञातिबांधवांस तीन विनंत्या करितो. पहिली, 'टाकून द्यावा' हे वाक्य आपल्या घरात कोणी उच्चारले तर रागावू नये, पण "कोणावर?" एवढे शांतपणे विचारावे. दुसरी, मते मागावयास जे उमेदवार येतील त्यांस रस्ता व पाणी यांबरोबर हेही विचारावे की, प्रथम वापर न करण्याच्या वचनाशी आपण बांधील आहात काय, आणि शहरांवर अण्वस्त्र टाकू नये असे आपले मत आहे काय. उमेदवार हसतील, हसू द्यावे. दहा गावांत तोच प्रश्न निघाला की हसणे थांबते. तिसरी, मुलांना युद्धाचा इतिहास शिकविताना विजयाच्या तारखांबरोबर नियमांचाही इतिहास शिकवावा: कोणी ते पाळले, कोणी मोडले, आणि मोडणाऱ्यांचे पुढे काय झाले.

आपली ज्ञाती लहान आहे. आपल्या सभेने ठराव केला म्हणून जगातील एकही अस्त्र कमी होणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु राष्ट्राचे मन म्हणजे शेवटी अशा लहानलहान सभांतील, घरांतील आणि पंगतींतील बोलण्याचीच बेरीज असते. ज्या राष्ट्रातील गृहस्थ परक्यांच्या लेकरांना लेकरे म्हणतात, त्या राष्ट्राच्या सेनापतीचा हात योग्य वेळी थांबतो. हे बळ कोणत्याही अस्त्रागारात साठविता येत नाही. ते घरातच निर्माण करावे लागते.